खोक्यात ठेवलेली दया



मननासाठी वचन : नीतिसूत्रे १२:१०

रविवारची मिस्सा संपली, आवारात चहा सुरू झाला, की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "प्राण्यांच्या एखाद्या शेल्टरचा नंबर आहे का हो तुमच्याकडे?" कुणाच्या गल्लीत कुत्री व्यालेली असते, कुणाच्या माळ्यावर मांजरीने पिल्ले घातलेली असतात. कुणी मुलांच्या हट्टापायी नाताळला लॅब्राडोर आणलेला असतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो 'फारच मोठा' झालेला असतो. नंबर हवा असतो तो नेऊन सोडण्यासाठी. "एखादे पिल्लू घरी आणायचे आहे, कुठे मिळेल?" असे विचारणारा क्वचितच भेटतो.

आज या 'सोडण्या'बद्दल थोडे स्पष्ट लिहिणार आहे. कुणाला बोचले तर राग माझ्यावर काढा, पण लेख शेवटपर्यंत वाचा.

आजच्या वचनाचे दोन भाग आहेत. पहिला भाग आपल्याला पाठ असतो : नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची कदर करतो. दुसऱ्या भागावर प्रवचन फारसे ऐकू येत नाही. तिथे शास्त्र म्हणते की दुर्जनाला दया आली तरी तीसुद्धा क्रूरच ठरते. दया आणि क्रूर हे दोन शब्द एकाच ओळीत कसे, असे वाटेल. पण शेल्टरच्या फाटकाशी रात्रीच्या अंधारात ठेवून दिलेला पुठ्ठ्याचा खोका ज्याने सकाळी उघडला आहे, त्याला ते समजावून सांगावे लागत नाही. आत चार-पाच पिल्ले असतात, डोळे नुकते उघडलेले, आईचे दूध तुटलेले. ठेवून गेलेल्याने खोक्याला भोकेही पाडलेली असतात, म्हणजे त्याला दया आली होती. घरी जाऊन तो शांत झोपलाही असेल. पिल्लांपैकी किती जगली, हे त्याने कधी विचारले नाही.

शेल्टर म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ या. आपल्या मनात एक चित्र असते : मोठे मैदान, हिरवळ, बागडणारी कुत्री आणि कुणीतरी पैसेवाले दयाळू लोक. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पत्र्याखाली पिंजऱ्यांच्या रांगा असतात, दोन-चार पगारी माणसे असतात, बाकी कॉलेजातली मुले-मुली, आणि औषधवाल्याची उधारी. तिथे पिल्लांचा सर्वांत मोठा शत्रू असतो पार्व्हो नावाचा विषाणू. तो जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि लस न टोचलेल्या पिल्लाला काही दिवसांत संपवतो. पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि चौथ्या महिन्यापर्यंत टप्प्याटप्प्याने पुऱ्या होतात. त्याआधी पिल्लू गर्दीच्या जागी नेणे म्हणजे त्याला आजाराच्या तोंडी देणे होय. गल्लीत आईजवळ ते कदाचित वाचले असते. आपण 'सुरक्षित जागी' नेऊन सोडले म्हणून गेले.

आता थोडा हिशेब मांडू. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांतली सुमारे १० लाख एकट्या मध्य प्रदेशात होती. एका शेल्टरमध्ये २०० कुत्री ठेवली, तर आपल्या राज्यालाच ५,००० शेल्टर लागतील. जिल्हे आहेत ५५. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात नव्वदच्या आसपास! "सगळ्यांना शेल्टरमध्ये टाका" असे जो म्हणतो, त्याने हा भागाकार केलेला नसतो.

आपल्या शहराकडेच पाहा. गायींसाठी लाल टिपाऱ्याची गोशाळा आहे. हजारो गायी तिथे सांभाळल्या जातात. २ ऑक्टोबर २०२४ ला तिथल्या शेणापासून बायो-सीएनजी बनवणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि ग्वाल्हेरचे नाव देशभर गेले. अभिमान वाटावा असेच काम आहे. पण गायीच्या मागे महापालिका आहे, धर्मभावना आहे, देणग्या आहेत, आणि तरीसुद्धा शहरात भर रस्त्यात गाय बसलेली दिसतेच ना? जिच्यामागे एवढे बळ आहे तिचा प्रश्न नुसत्या निवाऱ्याने सुटत नाही. मग ज्याच्यामागे कुणीच नाही, त्या कुत्र्याचा कसा सुटेल?

शेल्टरला दोन दारे असतात. एका दाराने जनावर आत येते, दुसऱ्या दाराने कुणाच्या तरी घरी जाते. आपण सगळे पहिल्या दाराशी रांग लावून उभे आहोत. दुसऱ्या दाराशी कुणी नाही. असा निवारा काही महिन्यांत भरतो, मग तुंबतो, मग त्याचा कोंडवाडा होतो. त्याला कोंडवाडा आपणच केलेला असतो, आणि नंतर "तिथे फार हाल असतात" असे सांगत फिरणारेही आपणच असतो.

यावर मला जी उत्तरे मिळतात, ती एकेक करून पाहू.

पहिले उत्तर : "ही कुत्री आमच्या गल्लीतली नाहीत, बाहेरून आली आहेत." हे ऐकले की मला गोरखी आठवते. लष्कर हे नावच छावणीचे आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला, गोरखीचा वाडा उभा राहिला, आणि त्या तळामागून दख्खनेतली मराठी घरे इथे आली. कुणी फौजेबरोबर आले, कुणी कारकुनीला, कुणी पुढे नोकरीनिमित्त. शिंद्यांचे देवघर गोरखीतच आहे, आणि मन्सूर शाह या सूफी फकिराचा मान त्या घराण्याने पिढ्यानपिढ्या सांभाळला आहे. बाहेरून आलेल्याला जागा देण्याची रीत या वाड्याला नवी नाही. आपण स्वतः इथे तळ ठोकून राहिलेली माणसे. 'बाहेरून आला' हा गुन्हा आपल्या तोंडी तरी शोभत नाही. पवित्र शास्त्रातही देव इस्राएल लोकांना पुन्हा पुन्हा बजावतो की तुम्ही मिसर देशात उपरे होता, हे विसरू नका.

दुसरे उत्तर : "हे अ‍ॅडॉप्शन, रेस्क्यू वगैरे इंग्रजी फॅशन आहे." शब्द इंग्रजी आहेत, गोष्ट नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आणि तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजणारे एकनाथ या आख्यायिका आपण मराठी माणसे पाळण्यात ऐकतो. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे इस्पितळ १८८३ पासून आहे, आणि ते उभे राहिले पारशी दानशूरांमुळे. मग ख्रिस्ती माणसांनी काय केले? पुष्कळ केले, आपण विसरलो. लंडनमध्ये १८२४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध जी पहिली मोठी संस्था निघाली, ती काढण्यात पुढाकार होता ऑर्थर ब्रूम या धर्मगुरूंचा. संस्थेच्या कर्जापायी ते तुरुंगातही गेले. त्यांच्याही दोन शतके आधी, पेरू देशातल्या लिमा शहरात, संत मार्टिन डी पोरेस मठाच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत. रस्त्यावरच्या आजारी कुत्र्या-मांजरांना त्यांनी आपल्या बहिणीच्या घरी आसरा दिला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पोप तेविसावे जॉन यांनी १९६२ मध्ये त्यांना संतपद दिले. त्यांच्या चित्रात पायाशी कुत्रा, मांजर आणि उंदीर एकाच ताटलीत खाताना दाखवतात. त्या चित्रासमोर आपण मेणबत्ती लावतो आणि बाहेर येऊन फाटकाजवळच्या कुत्र्याला दगड मारतो.

तिसरे उत्तर वजनदार आहे आणि त्याला मान देऊनच बोलले पाहिजे : "आधी माणसे, मग जनावरे. कुत्री मुलांना चावतात, माणसे रेबीजने मरतात." खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने दगावतात, त्यांतली मोठी संख्या भारतातली आणि पुष्कळशी लहान मुले. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय उरत नाही. ज्या आईचे मूल असे गेले, तिच्यापुढे कुत्र्यांवरच्या प्रेमाचे गोडवे गाणारा माणूस मला निर्दयच वाटेल. कॅथलिक धर्मशिक्षणही (परिच्छेद २४१८) हेच सांगते : जनावरांना विनाकारण त्रास देणे हे माणसाला शोभत नाही, आणि माणसांचे दुःख आधी निवारावे असा पैसा त्यांच्यावर उधळणेही शोभत नाही. दोन्ही अर्धी वाचा. जी घरे हजारो रुपये मोजून जातिवंत पिल्लू विकत घेतात, त्यांना दुसरे अर्धेही लागू आहे.

पण माणसे वाचतात कशाने? गोव्याने हे करून दाखवले आहे. तिथल्या सरकारने 'मिशन रेबीज' या संस्थेबरोबर २०१४ पासून काम केले. पथके गावोगाव जाऊन जाळ्याने किंवा हाताने कुत्री धरतात, लस टोचतात, खूण करतात आणि तिथेच सोडतात. वर्षाला टोचलेल्या कुत्र्यांचा आकडा लाखाच्या घरात गेला. शाळाशाळांतून मुलांना कुत्र्यांशी कसे वागायचे ते शिकवले. २०१७ नंतर तिथे माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले आणि २०२१ मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर झाले. वस्तीतल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचे शास्त्र आहे. याउलट मारण्याचा उपाय मुंबईने १८३२ मध्येच करून पाहिला. दर कुत्र्यामागे इनाम लावले, पकडणाऱ्यांनी लोकांच्या दारातली कुत्रीही उचलली, पारशी समाज भडकला, दंगल झाली. कुत्री मात्र मुंबईत आजही आहेत. म्हणून 'माणूस की कुत्रा' हा वादच खोटा आहे. ज्या हाताने कुत्र्याला लस टोचली, त्याच हाताने मूल वाचवले.

चौथे उत्तर नवे आहे : "आता सुप्रीम कोर्टानेच सांगितले आहे." काय सांगितले आहे, ते पुरते वाचा. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने म्हटले की रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी व लसीकरण करून मूळ जागी सोडावीत, आणि खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री मात्र तिथून हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितले. बंधू-भगिनींनो, शाळा आणि रुग्णालये म्हटल्यावर देशात पहिली आठवण कुणाची होते? आपलीच. वर्षानुवर्षे आपल्या आवारात वावरलेली, शिपायाच्या हातची पोळी खाणारी, मुलांनी नावे ठेवलेली कुत्री आता पिंजऱ्यात जाणार आहेत. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, आदेश पाळावाच लागेल. पण ऑगस्टच्या आदेशातच आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी आपल्यात कुणी बोलत नाही : ज्याला कुत्रे दत्तक घ्यायचे असेल त्याने पालिकेकडे अर्ज करावा, ते कुत्रे खूण लावून त्याला दिले जाईल, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. न्यायालयाने दार उघडे ठेवले आहे. दहा वर्षे ज्या कुत्र्याने शाळेचे फाटक राखले, त्याला घरी नेणारे एकही कुटुंब आपल्या धर्मग्रामात निघू नये? पिलातानेही कायद्याप्रमाणेच हात धुतले होते.

आणि कायद्याची एवढी आठवण असेल, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचीही ठेवा. उपाशीतहानेलेले राहील अशा स्थितीत जनावर टाकून देणे, हा त्यात गुन्हा आहे. पाळलेला कुत्रा मुरारच्या पलीकडे गाडीतून उतरवून देणारे 'आम्ही त्याला मोकळे केले' म्हणतात. त्याला कायद्यात वेगळा शब्द आहे.

शेवटचे उत्तर शास्त्राचे : "प्रकटीकरणात कुत्रे नगरीबाहेर आहेत." होय, बावीसाव्या अध्यायात आहेत, आणि तो शब्द तिथे दुराचारी माणसांसाठी आहे, हे ती यादी वाचली की कळते. पण लूकच्या सोळाव्या अध्यायातही कुत्रे आहेत. श्रीमंताच्या दाराशी लाजार फोडांनी भरून पडला होता. आतून कुणी आले नाही. त्याच्याजवळ आले ते कुत्रे. मार्कच्या सातव्या अध्यायातल्या परराष्ट्रीय बाईने तर मेजाखालच्या कुत्र्यांचाच दाखला देऊन प्रभूकडून आपल्या लेकीचे बरे होणे मिळवले. तिच्या घरातला कुत्रा मेजाखाली होता, दाराबाहेर नव्हता. योनाचे पुस्तक संपते तेव्हा निनवेवर दया का केली याचे कारण देताना देव माणसांबरोबर तिथल्या गुराढोरांचीही गणती करतो. कॅथलिक बायबलमधल्या तोबितच्या ग्रंथात तरुण तोबिया प्रवासाला निघतो तेव्हा देवदूत बरोबर असतो आणि कुत्राही. तो काही चमत्कार करीत नाही, नुसता बरोबर चालतो. तेवढ्यासाठी शास्त्रकाराने त्याची नोंद ठेवली.

तर मग करायचे काय? भाषण पुरे, कामाचे बोलू.

पिल्लू विकत घेऊ नका. ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. बर्फाळ प्रदेशातला हस्की किंवा दाट केसांची पर्शियन मांजर इथे आणणे म्हणजे हौसेखातर जिवाला भट्टीत ठेवणे आहे. आपला गावठी कुत्रा आणि गल्लीतली मांजर हे ऊन पिढ्यानपिढ्या सोसत आले आहेत.

दत्तक घेणार असाल तर आधी घरात बसून ठरवा. पुढली दहा-बारा वर्षे त्याला कोण फिरवणार? सुटीत गावी गेल्यावर कोण पाहणार? घरमालकाची संमती आहे का? चांगली संस्था तुम्हाला हे सगळे विचारते, फॉर्म भरून घेते, घर पाहायला येते. त्याचा अपमान वाटून घेऊ नका. मुलगी देताना आपण चौकशी करतोच ना? लहान पिल्लापेक्षा मोठे कुत्रे घ्या, असे मी सुचवीन. मोठ्यांना कुणी विचारत नाही, आणि त्यांचा स्वभाव आधीच कळलेला असतो. काळी मांजर नको म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, अपशकुनावर आपला विश्वास कधीपासून बसला?

दत्तक जमत नसेल तर तात्पुरता सांभाळ करा. व्यालेली कुत्री पिल्लांसह दोन महिने आपल्या जिन्याखाली राहू द्या. पिल्लांचे दूध सुटू दे, पहिल्या लसी होऊ देत, मग घरे शोधू. त्यानंतर आईची नसबंदी करून घ्या. नुसते दूध-बिस्कीट घालून पुण्य मिळवणाऱ्या आणि नसबंदीचे नाव काढताच पाठ फिरवणाऱ्या प्राणिप्रेमींनाही हे सांगणे आहे. तुमच्या बिस्किटांवर पुढच्या वर्षी सहा पिल्ले जन्मतील आणि त्यांतली बहुतेक चाकाखाली जातील.

कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा, हळद-मिरची लावू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा आणि सगळे डोस पुरे करा. हे प्रत्येक धर्मशिक्षण वर्गात मुलांना शिकवा.

आणि धर्मग्राम समितीसाठी एक मागणी. ४ ऑक्टोबरला, असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणाला, आपण प्राण्यांना आशीर्वाद देतो. धुतलेली, पट्टा बांधलेली कुत्री येतात, फोटो निघतात. यंदा त्याच आवारात सकाळी पशुवैद्य बोलावून रेबीजची लस टोचण्याची सोय करा, आणि शहरातल्या एखाद्या संस्थेला घर शोधणारी जनावरे घेऊन यायला सांगा. पवित्र पाण्याचा शिंतोडा घेऊन एकदोन कुत्री नव्या घरी गेली, तर तो आशीर्वाद खरा उतरला म्हणेन.

शेल्टरचा नंबर मी यापुढेही देत राहीन. मात्र देण्याआधी विचारीन : आणायला जाताय, की सोडायला?

प्रार्थना करू या.

हे प्रभू, तू नोहाशी करार केलास तेव्हा तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवाशी केलास. आमची दया दुसऱ्याच्या दारात ठेवून निघून जाण्याची सवय आमच्यातून काढून टाक. ज्यांचे लेकरू रेबीजने गेले त्यांना सांत्वन दे. पिंजऱ्यात वाट पाहणाऱ्या मुक्या जिवांसाठी आमच्यापैकी कुणाचे तरी दार उघड, आणि ते दार माझे असेल तर मला नाही म्हणू देऊ नकोस. आमेन.